ऊर्जा काढून घेतली की तापणारा तारकागुच्छ: हे कसं काय?

बॉयलरवाला · 19 एप्रिल, रात्री 9.12

मंडळी, नमस्कार. साखर कारखान्यात तेहेतीस वर्षं बॉयलरवर काढली, आता साताऱ्यात निवांत आहे. उष्णता या विषयात आपल्याला कुणी काही शिकवू नये असा एक समज होता. तो शुक्रवारी मोडला.

अमावास्या होती म्हणून लेक-जावयाबरोबर चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. जावयाची आठ इंची दुर्बीण. वारा असा की आयपीसला डोळा लावायचा तर एकानं नळी धरायची. मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला पवनचक्क्यांच्या लाल दिव्यांच्या वर नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ सापडला. नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपका. दुर्बिणीतून बघितलं तर काळ्या घोंगडीवर रवा सांडावा तसे तारे. जावई म्हणाले, सुमारे एक कोटी तारे, 17 हजार प्रकाशवर्षं लांब.

मी आपला बघत होतो, तेवढ्यात लेक (फिजिक्स शिकवते) म्हणाली, "आण्णा, असल्या गुच्छातून ऊर्जा काढून घेतली की तो तापतो. ऊर्जा दिली की गार पडतो."

मी म्हटलं, बाई, तेहेतीस वर्षं भट्टीत बगॅस घातला तेव्हा वाफ झाली. बगॅस काढून घेतल्यावर वाफ झालेली मी बघितली नाही. तिनं गाडीच्या बॉनेटवर कागद धरून गणित करून दाखवलं. मी "हं, हं" केलं. कळलं काहीच नाही, आणि पोरीला तसं सांगायला जीभ रेटेना.

तर हे खरं आहे का? आणि मुळात तिथं वायू नाही, सुटे तारे आहेत. मग तापमान कशाचं मोजायचं?

कृष्णाकाठ_सांगली · 9.31

आधी एक महत्त्वाची दुरुस्ती. तुमच्याकडून ओमेगा सेंटॉरी क्षितिजापासून जेमतेम पंचवीस अंश वर येतो. आमच्या सांगलीतून पाऊण अंश आणखी वर. दंडोबाच्या डोंगरावर या, वारा पण कमी. बाकी प्रश्नातलं आपल्याला काही कळत नाही.

चुलवाण · 9.40

पगार कापला की डोकं तापतं. यात न कळण्यासारखं काय आहे काका?

अवकाशवेडी · 10.05

काका, लेक बरोबर सांगतेय. एका उदाहरणात होईल, बॉनेट लागणार नाही.

आधी तापमान. हवेचं तापमान म्हणजे तरी काय, रेणूंची सैरावैरा पळापळ. गुच्छात रेणूंच्या जागी तारे. प्रत्येक तारा कुठल्या तरी दिशेनं सेकंदाला काही किलोमीटर पळतोय. ही पळापळ जास्त म्हणजे गुच्छ "गरम", कमी म्हणजे "गार". ताऱ्याच्या स्वतःच्या पृष्ठभागाच्या तापमानाशी याचा संबंध नाही.

आता हिशेब. स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणानं बांधलेला गुच्छ स्थिरावला की एक नियम पाळतो, त्याला व्हिरियलचं प्रमेय म्हणतात. पळापळीची ऊर्जा 100 असेल तर बंधनाची (एकमेकांच्या ओढीची) ऊर्जा उणे 200. एकूण शिल्लक उणे 100. यातून 20 काढून घ्या, शिल्लक उणे 120. नियम तोच, म्हणजे आता बंधन उणे 240 आणि पळापळ 120. काढले वीस, पळापळ वाढली वीसनं. तापला की नाही?

बॉयलरवाला · 10.22

हिशेब कळला. पण हे एकास दोनचं प्रमाण ठरवलं कुणी? आणि तारा कसा काय वेगात येतो, त्याला ढकलतो कोण?

घाटमाथा · 10.48

काका, त्यासाठी गुच्छात जायला नको, डोक्यावरचा उपग्रह बघा. चारशे किलोमीटर उंचीवर अंतराळ स्थानक सेकंदाला सुमारे 7.66 किलोमीटर वेगानं फिरतं. तिथंही विरळ हवा असते, ती घासते, म्हणजे ऊर्जा काढून घेते. आपल्याला वाटतं वेग कमी होईल. पण ते खाली घसरतं, आणि खालच्या कक्षेत वेग जास्त लागतो. दोनशे किलोमीटरवर तो सुमारे 7.78 होतो. ब्रेक लावला म्हणून गाडी पळाली! ढकललं पृथ्वीनंच. खाली पडताना जेवढं मिळालं त्यातलं अर्धं घर्षणात गेलं, अर्धं वेगात आलं. तुमचं एकास दोन ते हेच.

खंबाटकीच्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी घालणाऱ्यांनी यातून चुकीचा धडा घेऊ नये.

सडेतोड · 11.15

उपग्रह ठीक आहे, एक वस्तू आहे. पण एक कोटी ताऱ्यांना ऋण उष्माधारिता (ऊर्जा दिली की गार, काढली की गरम) वगैरे लावणं ही गणिती चलाखी वाटते. कॉलेजात शिकलो होतो की उष्माधारिता नेहमी धनच असते, त्याची सिद्धताही होती. आणि गरम वस्तू उष्णता देऊन आणखी गरम होत असेल तर उष्णतेच्या दुसऱ्या नियमाचं (उष्णता आपोआप गरमकडून गारकडेच जाते) काय? मग तर फुकटची इंजिनं चालवा.

चुलवाण · 11.19

फुकटचं इंजिन निघालं की मला आधी कळवा, मोटरचं वीजबिल थकलंय.

निवृत्त_मास्तर · 20 एप्रिल, सकाळी 6.50

सडेतोड, तुमची सिद्धता खरी आहे. ती कुठं चालते ते मात्र सांगितलं नसणार. ती चालते भिंत आणि बाहेरचा मोठा उष्णतासाठा धरून, म्हणजे वस्तू एका प्रचंड हौदात बुडवलीय आणि दोघांत समतोल आहे असं मानून. अशा हौदात ऋण उष्माधारितेची वस्तू टिकतच नाही. ती हौदापेक्षा चिमूटभर जास्त गरम झाली तर उष्णता देईल, देऊन आणखी तापेल, मग आणखी देईल. चिमूटभर गार झाली तर घेत घेत गार पडत जाईल. पण गुच्छाला कुठं हौद आहे? तो अवकाशात एकटा, त्याची एकूण ऊर्जा ठरलेली. तिथं ती सिद्धता लागूच होत नाही. वॉल्टर थिरिंग यांनी 1970 मध्ये हे अगदी साध्या नमुन्यावर मांडून दाखवलं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. पाठ्यपुस्तकातली सांख्यिकी भौतिकी (असंख्य कणांचा एकत्र हिशेब) असं धरून चालते की दोन बादल्या पाणी म्हणजे एका बादलीच्या दुप्पट ऊर्जा. शेजारच्या रेणूपलीकडे ओढ पोचत नाही, म्हणून हे जमतं. गुरुत्वाकर्षणात प्रत्येक तारा प्रत्येक ताऱ्याला ओढतो. घनता तीच ठेवून तारे दुप्पट केले तर बंधनाची ऊर्जा दुप्पट न होता सुमारे 3.17 पट होते. तुकडे करून बेरीज ही सोयच गेली. ज्या पायावर इमारत उभी होती तो पायाच इथं नाही.

दुसरा नियम मात्र शाबूत आहे. फुकटचं इंजिन नाही, चुलवाणनी बिल भरावं.

सडेतोड · 7.35

हौदाचं पटलं. पण निसर्गात हे खरंच घडताना कुणी पाहिलंय का, की कागदावरच?

अवकाशवेडी · 8.10

रोज सकाळी पूर्वेला उगवतं ते काय मग? सूर्य तसाच तयार झाला. वायूचा गोळा, आत इंधन पेटलेलं नाही, नुसती उष्णता बाहेर टाकतोय. टाकता टाकता आकसत गेला आणि आकसता आकसता तापत गेला. गाभा एक कोटी अंशांच्या आसपास गेल्यावर हायड्रोजनचं ज्वलन सुरू झालं. उष्णता गमावून गार पडला असता तर ना सूर्य, ना हा धागा.

गुळव्या_कराड · 9.02

म्या वाचलं समदं. काहिलीत पाक आटतो तवा वाफ बाहेर जाती, वरनं जाळ चालूच, म्हणून त्यो तापतो. जाळ काढला की पाक गारच हुतो. हितं जाळच न्हाय आन् तरी तापतंय म्हणता. मग बशीतल्या च्याचं सांगा. फुकलं की जोरातलं कण उडून जात्यात आन् च्या गार पडतो. गुच्छातनं पण जोरातलं तारं उडून जात असतील की.

घाटमाथा · 9.30

गुळव्या दादा, एकदम मुद्द्याचं! उडून जातातच. आणि ऊर्जा घेऊन गेल्यामुळे मागचा गुच्छ तापतो. म्हणजे बशीत फुंकर मारली आणि चहाला उकळी फुटली.

निवृत्त_मास्तर · 10.15

घाटमाथा, इथं थोडं थांबा. सुटणारा तारा बहुधा जेमतेम सुटतो, जाताना जवळपास शून्य ऊर्जा घेऊन जातो. गंमत वेगळीच आहे. बचत गटानं मिळून कर्ज घेतलं आणि एक सभासद हप्ता न भरता गाव सोडून गेला, तर काय होतं? कर्ज तेवढंच, वाटेकरी कमी, उरलेल्यांच्या डोक्यावरचा बोजा वाढतो. गुच्छाचंही तेच. उणे शंभरची बांधणी आता कमी ताऱ्यांत वाटायची. म्हणून गुच्छ आवळतो आणि तापतो.

कृष्णाकाठ_सांगली · 10.21

मास्तर, हे आमच्या वहिनींच्या गटात प्रत्यक्ष घडलंय. गुच्छ तापला होता, खात्रीनं सांगतो.

बॉयलरवाला · दुपारी 1.40

आत्ता कुठं डोक्यात प्रकाश पडतोय. पण मग प्रश्न पुढचा. हे असं तापत तापत जायचं कुठवर? आमच्याकडे सेफ्टी व्हॉल्व्ह असायचा. इथं काय आहे?

निवृत्त_मास्तर · दुपारी 4.05

बॉयलरवाले, या विषयातला सगळ्यात रसाळ भाग तुम्ही विचारलात, त्यामुळे जरा लांबण लागेल.

गुच्छाचे मनात दोन भाग करा. आत दाट गाभा, बाहेर विरळ परिघ. गाभा स्वतःच्या वजनानं बांधलेला, त्याची उष्माधारिता ऋण. परिघातले तारे मात्र साध्या वायूसारखे, दिलं की तापणारे. गाभा किंचित जास्त गरम आहे असं धरा. तो परिघाला उष्णता देतो आणि स्वतः तापतो. परिघ घेतो, तोही तापतो. दोघं तापतायत. आता शर्यत. परिघ लहान असला तर भराभर तापून गाभ्याला गाठतो आणि देवाणघेवाण थांबते. परिघ अवाढव्य असला तर कितीही घेतलं तरी त्याचं तापमान हलत नाही. गाभा देत राहतो, आवळत राहतो, तापत राहतो. याला गुरुत्व-औष्णिक अरिष्ट म्हणतात.

ही सीमा कुठं आहे तेही काढलंय. लेनिनग्राडच्या अँतोनोव्ह यांनी 1962 मध्ये ताऱ्यांचा वायू एका काल्पनिक गोल डब्यात बंद करून विचारलं, एंट्रॉपी (दुसऱ्या नियमानुसार एकूण कधी न घटणारी राशी) सर्वांत जास्त कधी? गाभ्याची घनता कडेच्या घनतेच्या सुमारे 709 पटींच्या पुढे गेली की तो समतोल टिकाऊ राहत नाही. डबा फार मोठा घेतला तर समतोलच मिळत नाही. मूळ लेख रशियनमध्ये होता. डोनाल्ड लिंडन-बेल आणि रॉजर वुड यांनी 1968 मध्ये त्यामागचं कारण उलगडून दाखवलं, तेव्हा तो सगळीकडे पोचला. अँतोनोव्ह यांच्या लेखाचं इंग्रजी भाषांतर छापून यायला 1985 उजाडलं.

सडेतोड यांनी दुसऱ्या नियमाचं विचारलं होतं. गाभा आवळताना त्याची एंट्रॉपी कमी होते, पण परिघाची त्याहून जास्त वाढते. जमाखर्च वाढीचाच. आपल्याला वाटतं सगळं सारखं पसरलं की एंट्रॉपी कमाल. खोलीतल्या उदबत्तीच्या धुराला ते खरं आहे. जिथं वजन राज्य करतं तिथं गोळा होण्यातच एंट्रॉपीची वाढ असते. कमाल मर्यादा तर नाहीच, आणखी थोडं आवळलं की आणखी थोडी वाढते.

चुलवाण · 4.30

म्हणजे माझ्या खोलीत कपड्यांचा ढीग एका खुर्चीवर गोळा होतो तो निसर्गनियम. आईला हा धागा दाखवतो.

पाल_यात्रेकरू · सायं. 6.12

मग आपली अख्खी आकाशगंगा पण अशीच आतल्या आत कोसळणार की. अब्जावधी तारे आहेत, जास्त तारे म्हणजे लवकर.

अवकाशवेडी · 6.50

उलट! जास्त तारे म्हणजे उशिरा. गाभ्यानं परिघाला उष्णता द्यायची म्हणजे ताऱ्यांनी एकमेकांजवळून जाताना थोडी थोडी ऊर्जा बदलायची. हे फार सावकाश होतं, कारण अंतरं भयानक आहेत. सूर्य म्हणजे मोहरीचा दोन मिलिमीटरचा दाणा धरा. ती मोहरी साताऱ्यात पोवई नाक्यावर ठेवली तर शेजारची मोहरी सुमारे 58 किलोमीटरवर, कराडच्या आसपास. गुच्छात यापेक्षा दाटी असते, पण धडक तिथंही विरळाच.

एक लाख ताऱ्यांच्या गुच्छाला आपली सुरुवातीची गती विसरायला साधारण शंभर कोटी वर्षं लागतात. असे गुच्छ सुमारे बाराशे कोटी वर्षांचे आहेत, म्हणजे त्यांना वेळ पुरलाय. आकाशगंगेत दहा हजार कोटींहून जास्त तारे. तिला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या लाखो पट वेळ लागेल. तुम्ही यात्रा निवांत करा.

पाल_यात्रेकरू · 7.20

बरं बाई. पण मग लंबगोल दीर्घिका एवढ्या गुळगुळीत, एकजीव कशा दिसतात? मिसळायला वेळच मिळाला नाही म्हणता ना.

निवृत्त_मास्तर · रात्री 8.45

तुमचं टोपणनावच याचं उत्तर आहे. पालीच्या यात्रेत, खंडोबाची स्वारी निघते तेव्हा त्या गर्दीत तुम्ही शेजाऱ्याला धक्का देऊन पुढं जाता का? नाही. सगळी गर्दीच एकदा इकडं, एकदा तिकडं लोटते आणि तुम्ही कुठून कुठं जाता ते कळत नाही. भंडारा मात्र सगळ्यांना सारखा लागलेला. दीर्घिका जन्मताना किंवा दोन दीर्घिका एकमेकींत मिसळताना एकूण गुरुत्वाकर्षणच झोके घेतं. प्रत्येक ताऱ्याची ऊर्जा त्या झोक्यानं बदलते, शेजारी कोण आहे याची गरजच नाही. दोन-चार हेलकाव्यांत काम होतं. लिंडन-बेल यांनी 1967 मध्ये हे मांडलं. नाव ठेवलं "हिंसक शिथिलीकरण", मराठीत जरा भयंकरच वाटतं.

पाल_यात्रेकरू · 8.52

यळकोट यळकोट!

घाटमाथा · 9.10

यात आपल्याकडच्या लोकांचं काम मोठं आहे, ते राहायला नको. चंद्रशेखर यांचं ताऱ्यांच्या गतिशास्त्रावरचं पुस्तक 1942 चं. जड तारा हलक्या ताऱ्यांच्या गर्दीतून जाताना मागे ताऱ्यांची दाटी ओढत जातो आणि तिच्यामुळं मंदावतो, हे त्यांनी 1943 मध्ये दाखवलं. म्हणून जड तारे गाभ्याकडं बुडत जातात. आणि आपल्या पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात असलेले पद्मनाभन यांनी 1990 मध्ये या सगळ्या विषयाचा मोठा आढावा लिहिला, त्याचं नावच मुळी गुरुत्वीय प्रणालींची सांख्यिकी भौतिकी. अजूनही लोक तिथूनच सुरुवात करतात. 2021 मध्ये गेले ते, फार लवकर.

कृष्णाकाठ_सांगली · 9.15

आणि आयुकाचे पहिले संचालक नारळीकर, जन्म कोल्हापूरचा. म्हणजे सातारा-सांगलीला शेजारधर्म म्हणून थोडं श्रेय.

बॉयलरवाला · 9.40

श्रेयाचं नंतर बघा. सेफ्टी व्हॉल्व्हचं उत्तर अजून आलेलं नाही.

अवकाशवेडी · 10.30

आलंच. व्हॉल्व्ह आहे, त्याचं नाव जोडतारे.

गाभा आवळत गेला की तिथं दाटी एवढी होते की तीन तारे एकदम जवळ येतात. दोघांची जोडी जमते, तिसरा जोरात बाहेर फेकला जातो. काही जोड्या तर आधीपासूनच असतात. मग कुणी चौथा जवळून गेला की जोडी आणखी घट्ट होते आणि तो आणखी वेगानं बाहेर. हेगी यांनी 1975 मध्ये नियम सांगितला, घट्ट जोड्या घट्ट होत जातात आणि सैल जोड्या सुटत जातात. जोडी घट्ट होताना जी ऊर्जा सोडते ती गाभ्याला मिळते. आणि गाभ्याला ऊर्जा दिली की काय होतं, काका? तुम्हीच सांगा.

बॉयलरवाला · 10.37

गार पडतो! फुगतो आणि गार पडतो. अरे वा. म्हणजे भट्टी पेटवून बॉयलर गार करायचा.

चुलवाण · 10.41

दोघांची जोडी जमते आणि तिसरा बाहेर फेकला जातो. आमचा तिघांचा ग्रुप होता कॉलेजात. जास्त बोलत नाही.

गुळव्या_कराड · 10.50

चुलवाणा, रडू नगंस. तू वेगानं भायेर पडलास म्हंजे ऊर्जा तुज्याकडंच आली की.

निवृत्त_मास्तर · 11.05

एक भर घालतो. फुगलेला गाभा मग परिघापेक्षाही गार होतो, उलटी उष्णता घेतो, आणखी फुगतो. पुन्हा आवळतो. असे हेलकावे सुरू होतात. सुगिमोतो आणि बेटवीझर यांनी 1983 मध्ये हे सांगितलं तेव्हा बरेच जण साशंक होते, कारण त्यांनी गुच्छ सलग वायू मानला होता. खरे सुटे तारे घेऊन आकडेमोड करायला संगणकच पुरत नव्हते. जपानमध्ये केवळ गुरुत्वाकर्षणाच्या आकडेमोडीसाठी ग्रेप नावाची यंत्रं बांधली. 1996 मध्ये माकिनो यांनी त्यावर सुमारे 32 हजार कणांचा गुच्छ चालवला आणि हेलकावे दिसले.

सडेतोड · 21 एप्रिल, सकाळी 7.15

माघार घेतो. पण एक बारीक खोड काढतोच. काकांनी बघितलेला ओमेगा सेंटॉरी कोसळलेल्यांतला आहे का? त्याचा गाभा मी फोटोत बघितलाय, चांगला ऐसपैस आहे.

अवकाशवेडी · 8.00

खोड बरोबर जागी काढलीत. नाही, तो कोसळलेला नाही. तारे इतके, की त्याचा शिथिलीकरणाचा काळच (सुरुवातीची गती विसरायला लागणारा वेळ) विश्वाच्या वयाच्या घरात जातो. तो मुळात एखाद्या छोट्या दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा असं बहुतेकांना वाटतं. आकाशगंगेतल्या दीडशेच्या वर गोलाकार गुच्छांपैकी साधारण पाचव्या हिश्शाचे गाभे कोसळलेले दिसतात. मधे प्रकाश टोकदार होत जातो, त्यावरून ओळखतात.

बॉयलरवाला · रात्री 8.20

लेकीनं धागा वाचला. म्हणाली, "आण्णा, त्या रात्री कळलं नाही म्हणाला असता तर मी पुन्हा सांगितलं असतं." आता काय बोलणार. कढी वाढ म्हटलं.

माझ्या भाषेत मला उमगलं ते असं. बॉयलरला पोलादी पत्रा आहे म्हणून तो दाब धरून ठेवतो आणि शहाण्यासारखा वागतो. गुच्छाला पत्रा नाही, त्याचं वजनच त्याचा पत्रा. आणि उष्णता काढली की हा पत्रा आपोआप आत येतो. चूक असेल तर मास्तरांनी कान धरावा.

शेवटचं विचारतो. कोसळलेल्या गाभ्याचा एखादा गुच्छ आमच्या आठ इंचीतून दिसेल काय?

निवृत्त_मास्तर · 8.55

कान धरण्यासारखं काही नाही. वजनच पत्रा, हे मी वर्गात वापरलं असतं.

गुच्छ दोन सांगतो. सोपा म्हणजे एम 15, भाद्रपदेच्या चौकोनाजवळ. पण त्याला ऑक्टोबरची संध्याकाळ हवी. आत्ताच बघायचा असेल तर एनजीसी 6397, सुमारे 7,800 प्रकाशवर्षांवर, म्हणजे जवळच्यांपैकी. साताऱ्याहून दक्षिणेला जेमतेम एकोणीस अंश वर येतो, आणि तोही पहाटे चारच्या सुमारास. पावसाळ्याआधी उरकायचं तर आता चंद्र वाढतोय, पुढच्या अमावास्येच्या आसपास जा.

कृष्णाकाठ_सांगली · 9.01

दंडोबावरून साडेएकोणीस. आधीच सांगून ठेवतो.

बॉयलरवाला · 9.14

ठरलं, मे महिन्यातली अमावास्या आणि दंडोबा. कंदी पेढे मी आणतो, भडंग सांगलीकरांकडे. पहाटे तीनचा गजर जावई लावतील. दुर्बीण धरायला चुलवाण ये, वारा नसला तरी.